गाडीखालची टाकी आणि बोरवाडीची वाट

१४ डिसेंबर, शनिवार. लातूर.

हजर मंडळी: मी, नंदा, एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक. माझे यजमान सुधाकर, आयटीआयमधून यंदाच निवृत्त झालेले निदेशक, या प्रवासात चालक आणि प्लंबर. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली आई म्हणते. आणि आमची गाडी, जिचं नाव ठेवायचं अजून राहून गेलंय.

गाडीची ओळख आधी करून देते. ती मुळात एका शाळेची जुनी मिनीबस. निवृत्तीनंतर यांनी ती विकत घेतली, आतली बाकडी उपटली आणि घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर उभी करून तिच्यात घर बसवलं. भिंतीला लागून दोन दिवाण, गॅसची शेगडी, टपावर पाण्याची टाकी. मागच्या कोपऱ्यात सरकत्या दाराआड कमोड, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धरायला स्टीलच्या दांड्या. गाडीच्या पोटाखाली आणखी दोन टाक्या आहेत. एकीत मोरीचं पाणी जमतं, दुसरीत कमोडचं. हा लेख बराचसा त्या दुसऱ्या टाकीविषयी आहे. ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी आधी जेवून घ्यावं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर आईंची धाकटी बहीण गयामावशी हदगावच्या पुढे बोरवाडीला असते. आईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, उकिडवं बसणं त्यांना जमत नाही. शेवटच्या वेळी त्या एसटीने बोरवाडीला गेल्या तेव्हा वाटेत सोय नाही म्हणून आदल्या दिवसापासून पाण्याला शिवल्या नव्हत्या. परत आल्यावर ताप, लघवीला जळजळ, दवाखाना, सलाईन. प्रवासाला निघायचं म्हणजे आधी पाणी बंद, हे आमच्याकडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. मीही तेच करत आले. पण आईंनी त्या दुखण्यानंतर प्रवासच बंद केला. बहिणीशी जे बोलायचं ते फोनवर.

यंदा दिवाळीला मावशी फोनवर म्हणाली, "अक्का, एक डोळा तर गेलाच. दुसऱ्याचं डॉक्टर काही धड सांगून नाही राहिला. तुझं तोंड दिसतंय तवर एकदा येऊन जा." आईंनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत काम करणाऱ्या यांच्याजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "सुधा, तुझ्या ह्या मोटारीत संडास बसंल का रे?"

तोवर मागच्या कोपऱ्यात कपड्यांचं कपाट करायचं ठरलं होतं. कपाट रद्द झालं.

कमोड बसवला तरी आईंचा विश्वास बसेना. म्हणून निघण्याआधीचे दोन आठवडे गाडी प्लॉटवरच उभी असताना आम्ही तिघांनी तीच सोय वापरून सराव केला. टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी लावली आहे, तिच्यात टाकी किती भरली ते दिसतं. मी रोज सकाळी बघत होते. दोन आठवडे झाले तरी टाकी निम्म्याच्या वर जाईना. आम्हाला तिघांनाही याचा फार अभिमान वाटला. शेजारच्यांना बोलावून ती नळी दाखवली. अभिमान चुकीच्या ठिकाणी होता, हे नांदेडला कळलं.

अहमदपूर, लोहा

सकाळचं ऊन अंगावर घेत निघालो. रस्ता आता चौपदरी, गुळगुळीत आहे. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या पडत आलेल्या, मध्येच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. आई खिडकीजवळच्या दिवाणावर पाय लांब करून बसल्या होत्या आणि गावांच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या.

"आई, पाणी प्या," मी तांब्या पुढे केला.

"नको."

"अहो, मागे सोय आहे की. त्यासाठीच तर केली."

"हाय गं. पण प्रवासात हाव ना आपण."

अहमदपूरच्या अलीकडे चहासाठी थांबलो. मी घरून थर्मास आणला होता, पण यांना टपरीचाच चहा लागतो. रस्त्याच्या कडेला कुणीतरी कडुनिंबाची रोपं लावून काट्यांची कुंपणं केली होती. लावणाऱ्याचा उत्साह तिथेच संपला असावा, कारण रोपं माना टाकून उभी होती. आई काठी टेकत खाली उतरल्या आणि एका रोपाची माती बोटाने उकरून पाहिली.

"सुधा, मोरीचं पाणी हाय ना टाकीत?"

"आहे. पण ते राखून ठेवायचं असतं आई. कमोडची मोठी टाकी रिकामी केली की पाइप धुवायला ते लागतं. आधी मोठी सोडायची, मग मोरीची. असा क्रम आहे."

"पाइप धुवायला नांदेडात गोदावरी हाय. ह्याला कोण हाय?"

त्यांच्या सांगण्यावरून गाडीत भांड्यांना साबण लावतच नव्हतो, राखेनेच घासत होतो. त्यामुळे रोपांना ते पाणी घालायला हरकत नव्हती. यांनी पाइप जोडला, कॉक उघडला आणि आईंनी काठीने दाखवलं तसं एकेका रोपाला पाणी दिलं. टपरीवाला काउंटर सोडून बघायला आला.

"काय करायलाव मामा? कोणत्या खात्याची गाडी हाय ही?"

"घरच्या खात्याची," आई म्हणाल्या.

मला क्रम मोडणं आवडत नाही. पण रोपांच्या बुंध्याशी पाणी मुरताना पाहून मीही गप्प बसले. पुढे लोह्याला गरम भजी खाल्ली. आईंनी दोनच खाल्ली, कारण भज्यांवर पाणी लागतं.

नांदेड

नांदेडच्या अलीकडे गजाननचं वॉशिंग सेंटर आहे. गजानन यांचा आयटीआयमधला जुना विद्यार्थी. ट्रॅव्हल्सच्या बस धुणं हा त्याचा धंदा. कामगारांसाठी बांधलेल्या संडासांची मोठी सेप्टिक टाकी आवारातच आहे. आपल्याकडे अशा गाड्यांची घाण सोडायला ठरलेली जागा कुठेच नाही, ज्याची त्याने ओळखीने शोधायची. म्हणून मी निघण्याआधीच त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. "मॅडम, खुशाल या. टाका काय टाकायचं ते," असं तो म्हणाला होता. घाण घेऊन बहिणीच्या दारात जायचं नाही, एवढी एकच अट आईंनी घातली होती, आणि ती नांदेडला पुरी होणार होती.

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात जाऊन आलो. लंगरमध्ये ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी बाजूला बाकं होती. आईंना ते फार आवडलं. आमच्याकडे लग्नात अशा म्हाताऱ्यांना प्लास्टिकची खुर्ची देतात खरी, पण ती मांडवाच्या अशा कोपऱ्यात असते की वाढपी तिथवर पोचेपर्यंत वरण थंड झालेलं असतं. इथे वाढणारे सेवेकरी बाकापाशी आधी आले. मऊ फुलके, घट्ट डाळ, खीर. शेजारी बसलेल्या सरदारणीशी आईंनी गुडघ्यांविषयी गप्पा मारल्या. ती दख्खनी हिंदीत बोलत होती, आई लातुरी मराठीत, आणि दोघींना सगळं समजत होतं.

रविवारी सकाळी चहा घेऊन कामाला लागलो. मी हातमोजे, जुने कपडे, फिनेल, दोन बादल्या असं सगळं मांडून ठेवलं. यांनी जाड पाइप जोडला, त्याचं दुसरं टोक गजाननच्या टाकीच्या चेंबरमध्ये सोडलं आणि कॉक ओढला.

थोडं पाणी आलं. मग एक घुळ्ळ असा आवाज आला. मग काहीच आलं नाही.

यांनी कॉक पुन्हा लावला, पुन्हा ओढला. गजानन वाकून बघू लागला. नळीत टाकी निम्मी भरलेली दिसत होती आणि खालून थेंबही येत नव्हता.

"सर, चोकअप झालं बघा," गजानन म्हणाला. "आत जाम बसलाय गोळा. मी जेट मारू का खालून? बसखालचा वर्षाचा चिखल निघतोय त्याच्यानं."

मी नको म्हणायच्या आत त्याने जेटचं नोझल पाइपाच्या तोंडात घातलं आणि बटण दाबलं. आत गेलेलं पाणी क्षणभर आत राहिलं, मग आलं त्याच वाटेने, तिप्पट जोराने बाहेर आलं. गजानन सवयीने बाजूला झाला. हे झाले नाहीत. यांनी नेमका त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता. बस धुणारे दोघे कामगार तोंड फिरवून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते.

गजाननने स्वतःच्या हाताने यांना त्याच जेटने, हळू प्रेशरवर, धुतलं.

मग मी विचार केला. निम्मी टाकी, दोन आठवडे, तीन माणसं. हिशोब कुठेतरी बसत नव्हता. मी गाडीत गेले. "आई, कमोडला जाऊन आल्यावर तुम्ही पाणी किती टाकत होता?"

"पेलाभर."

"पेलाभर?"

"मग काय बादली ओतू?"

मी यांच्याकडे पाहिलं. ओल्या अंगाने उभे असलेले हे म्हणाले, "मी पण अर्धा मगच टाकायचो." आणि मी? मीही अर्धा मगच. टाकीत जे खाली जातं त्याच्याबरोबर भरपूर पाणी लागतं, तरच ते सुटं राहतं आणि वाहतं. आम्ही पडलो लातूरचे. रेल्वेने पाणी आलं तो उन्हाळा आम्ही भोगलेला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, कपडे धुतलेलं फरशीला, फरशीचं संडासात, अशी आमची साखळी. कमोडमध्ये बादलीभर चांगलं पाणी ओतायला आमच्यापैकी कुणाचाच हात उचलला नव्हता. टाकी भरत नाही म्हणून आम्ही खूश होतो आणि आत ढीग सुकत होता.

आई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कामगारांचं हसणंही. त्या आत गेल्या, दिवाणावर बसल्या आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

"सुधा, मला लातूरला सोड."

"आई, अगं आता सत्तर-एक किलोमीटर राहिलंय."

"इतक्या वर्षांनी बहिणीकडं जायचं, आन् गाडीखाली हे घेऊन? न्हाई. लोक बहिणीकडं साडी घेऊन जातात. परत फिरव."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मावशीचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा. "अक्का, कुठवर आली? म्या सकाळपासून ओट्यावर बसून राहिले. दत्तानं हुरड्याला कणसं काढून ठेवलीत. जल्दी या नं!"

आईंनी आमच्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेलं "येत न्हाई" त्यांना म्हणवेना. "अगं, गाडी पंक्चर झाली," त्या म्हणाल्या. "निघतोच."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "आता काय करायचं ते तू कर."

अरुंद तोंडाची तेलाची बाटली हात घालून धुता येत नाही. आपण तिच्यात मूठभर तांदूळ आणि पाणी घालतो आणि खळाखळा हलवतो. मला तेच आठवत होतं. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, तांदूळ आत फुगून आणखी जाम होईल, त्यापेक्षा बर्फ घालू. घासायचं काम करील आणि विरघळून जाईल. आणि हलवायला गाडी आहेच. कॉक बंद ठेवायचा, वरून कमोडमधून भरपूर पाणी आणि बर्फ सोडायचा आणि गाडी चालवायची. लग्नाला तीस वर्षं झाली, कुठल्याही कामात आमचं इतक्या लवकर एकमत झाल्याचं मला आठवत नाही.

गजाननने पाणी भरून दिलं, हवं तेवढं. कमोडमध्ये बादलीमागून बादली ओतताना माझा हात खरंच जड झाला. आई बघत होत्या. तिसऱ्या बादलीला त्यांनी डोळे मिटून घेतले.

बर्फाचा कारखाना शहरात होता. गादीवर एक पांढऱ्या दाढीचे मामू बसले होते.

"किती लाद्या पायजे बाजी? शादी है क्या?"

"नाही."

त्यांनी आवाज खाली घेतला. "फिर मय्यत है क्या घर में?"

"नाही हो! टाकीत टाकायचाय."

"इंजन गरम हो रहा?"

"हो," हे घाईने म्हणाले.

"तो भी लादी? बर्फाने इंजन फुटेगा मियां, ठंडा पाणी मारो," असं सांगत मामूंनी मुठीएवढे तुकडे करून दिले. निम्मे आम्ही तिथेच कमोडमधून खाली सोडले. उरलेले भुसा भरलेल्या पोत्यात बांधून घेतले, पुढच्या खराब रस्त्यासाठी.

अर्धापूर, हदगाव

अर्धापूरला केळीच्या बागा सुरू झाल्या. हिरव्यागार, रस्त्यापर्यंत आलेल्या. लातूरच्या माणसाला एवढी केळी सलग दिसली की तो पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. आईंनीही तोच विचारला. कडेला गाडी थांबवून एक फणा घेतला. गाडी उभी राहिली की खालून खळ्ळ, डबाक असा आवाज यायचा. केळीवाला वाकून बघू लागला, तेव्हा आम्ही निघालोच.

रस्ता इतका चांगला होता की यांना काळजी वाटू लागली. "असल्या रस्त्यावर काय घुसळणार? पोटातलं पाणी हलत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच आम्ही सरकारी रस्त्याला चांगला असल्याबद्दल नावं ठेवत होतो.

हदगावला बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. मावशीसाठी जिलेबी घेतली. साडी आईंनी लातूरहूनच घेतली होती, गडद जांभळी. फिकट रंग मावशीला आता कळत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग पोतं सोडून उरलेला बर्फ खाली घातला, आणखी दोन बादल्या पाणी ओतलं आणि बोरवाडीच्या फाट्याला वळलो.

तिथे रस्त्याने आमची इच्छा पुरी केली. डांबर फक्त मध्ये पट्टीसारखं उरलेलं, बाकी खड्डे. यांनी सवयीने स्टिअरिंग डावीकडे घेतलं.

"खड्डा चुकवू नका!" मी ओरडले.

"अगं, पाटा तुटेल गाडीचा."

"हळूच घाला. पण घाला."

गाडी एका खड्ड्यातून दुसऱ्यात डोलत चालली. शेगडीवरची झाकणं वाजत होती, केळी दिवाणाखाली घरंगळली. खालून आधी बर्फाचा खडखड आवाज येत होता, मग जड डुचमळ, मग मोकळी सळसळ. नांदेडपासून पदर ओढून बसलेल्या आई हळूहळू पुढे सरकल्या आणि यांच्या सीटमागची दांडी धरून उभ्या राहिल्या.

"सुधा, त्यो उजवीकडचा राहिला बघ."

"आई, बस तू खाली."

"उजवीकडचा घे रे. मोठा हाय."

समोरून कापूस वेचून येणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. चांगला रस्ता सोडून मुद्दाम खड्ड्यात घालणारा ड्रायव्हर त्यांनी कधी पाहिला नसावा. "पिऊन आलाय वाटते," असं त्यातली एक म्हणाली. आईंना हसू आवरेना. मी त्यांना इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

बोरवाडी

ऊन उतरताना पोचलो. मावशी खरंच ओट्यावर बसून होती. गाडीचा आवाज ऐकून उठली आणि हात पुढे करून आवाजाच्या दिशेने आली. तिचा मुलगा दत्ता शेती करतो, तो धावत आला आणि त्याने आईंना हाताला धरून उतरवलं.

दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग मावशीने आईंचं तोंड दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या चांगल्या डोळ्यासमोर आणलं, अगदी नाकाला नाक लागेल इतकं.

"म्हातारी झाली गं अक्का."

"दिसतंय का तुला?"

"एवढं दिसून राहिलं."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. आम्ही सामान उतरवायच्या कामात स्वतःला गुंतवून घेतलं.

दत्ताच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. आईंनी तो घेतला. मला वाटलं, नुसते ओठ ओले करतील. त्यांनी तांब्या वर केला आणि गटागटा सगळा रिकामा केला, मग आणखी मागितला.

पुढचा प्रश्न दत्ताने विचारला. "कोणता टायर पंक्चर झाला होता दादा? दावा तर खरा, गावातच पंक्चरवाला हाय."

हे माझ्याकडे बघू लागले, मी आईंकडे. आईंनी डोळ्यांनी नाही म्हणून खुणावलं. पण टाकी उद्या रिकामी करायचीच होती आणि ती करायला जागा दत्ताचीच लागणार होती. मला गोष्टी लांबवता येत नाहीत. मी सगळं सांगितलं. पेलाभर पाणी, जेट, यांचा शर्ट, मामूंचा बर्फ, सगळं.

मावशी आधी गंभीर चेहऱ्याने ऐकत होती. बर्फावर आल्यावर तिने तोंडाला पदर लावला आणि मग तिचं सगळं अंग हलू लागलं.

"अक्का, म्हणून तू लातूरला परत निघाली होती?"

"तुझ्या दारात घाण कशी आणायची गं?"

"परक्याची हाय का? तुझीच हाय नं! मागच्या अंगणात एवढी मोठी टाकी बांधली दत्तानं. म्या म्हातारी आन् हे दोघं. कवा भरणार ती? आण. जे आणलं ते आण. पण यायचं नको थांबवू."

रात्री ज्वारीची भाकरी, येसर आमटी आणि ठेचा होता. बहिणी एकाच ताटात जेवल्या.

सोमवारी सकाळी आम्ही गाडी मागच्या अंगणात घेतली. पाइप जोडला, चेंबरचं झाकण उघडलं. दत्ता, त्याची बायको, शेजारची दोघं-तिघं आणि थोड्या अंतरावर खाटेवर दोघी बहिणी. यांनी कॉक ओढायच्या आधी एकदा सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. नांदेडपासून ते जरा भित्रे झाले होते.

कॉक ओढला. धो धो करून सगळं गेलं. अडलं नाही, थांबलं नाही. नळीतली पातळी बघता बघता तळाला गेली. दत्ताने टाळी वाजवली. मावशीने खाटेवरून विचारलं, "गेलं का?"

"गेलं," आई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला आनंद लेकरू पास झाल्याचा निकाल ऐकल्यासारखा होता.

त्यानंतर टाकी धुवायची असते. एकदा स्वच्छ पाणी भरून, हलवून सोडायचं, आणि पुन्हा एकदा. पहिलं पाणी दत्ताच्या विहिरीचं. मोटार सुरू केली, जाड नळीने पाणी भरलं, अंगणातच गाडी पुढे-मागे केली, सोडलं. गढूळ निघालं. दुसरं भरणार तेवढ्यात लाईट गेली. शेतीची लाईट त्या आठवड्यात सकाळीच होती, म्हणजे आता पुन्हा दुसऱ्या दिवशीच. पहिल्या पाण्याने काम भागलं होतं, पण मला ते अर्धवट ठेवणं आवडलं नाही. मी कागदावर लिहून ठेवलं: दुसरं पाणी, उद्या सकाळी.

दुपारी गल्लीतल्या बायका गाडी बघायला आल्या. दिवाण, शेगडी यांत कुणाला रस नव्हता. सगळ्यांना सरकत्या दाराआडची खोली बघायची होती. एकेक जण आत जाऊन, झाकण लावलेल्या कमोडवर बसून, दोन्ही दांड्या धरून बघत होती. मावशीही बसली. "खुर्चीवानी हाय गं. गुडघा काही म्हणूनच नाही राहिला." कापूस वेचणाऱ्यांमधली एक बाई, जिने यांना पिऊन आलाय म्हटलं होतं, तीही होती. ती उतरताना मला हळूच म्हणाली, "ताई, हे घेऊन कुठंबी जाता येते नं?"

"कुठंही," मी म्हणाले. "फक्त पाणी भरपूर टाकायचं."

संध्याकाळी शेतात हुरडा भाजला. गरम कणसं तळहातावर मळून, गूळ आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. दोघी बहिणी शेकोटीजवळ बसून एकमेकींना लहानपणीच्या पाण्याच्या फेऱ्या सांगत होत्या, कोण जास्त हंडे आणायचं यावर भांडत होत्या. आईंनी दिवसभरात किती पाणी प्यायलं याची मोजदाद मी केली नाही. मोजायची गरज वाटली नाही.

मंगळवारी सकाळी निघायच्या वेळी मावशीने आईंची ओटी भरली, आणि मग हट्टाने यांना टपावरची टाकी विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरायला लावली. तेवढ्यात दुसऱ्या पाण्याची वेळ गेली. मी आठवण केली, पण दोघी बहिणी दारात एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या. तिथे टाकी धुवायला सांगायचं मला जमलं नाही.

लातूर

परत येऊन आठवडा झाला. गाद्या उन्हात टाकल्या, शेगडी घासली, पाइप धुऊन वाळवून गुंडाळला, हातमोजे फेकून नवे आणले, यांचा पांढरा शर्ट गाडी पुसायला काढला. कागदावरच्या सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या आहेत. एक सोडून.

परवा नळाला पाणी आलं तेव्हा मी यांना म्हटलं, टाकीला दुसरं पाणी आत्ताच देऊन टाकू. आई अंगणात तुळशीपाशी होत्या. त्यांनी नळी माझ्या हातातून काढून घेतली.

"एवढं नळाचं पाणी त्या टाकीत? लातुरात? याड लागलं का?"

"आई, धुवायला तर पाहिजे ना."

"धुवू की. संक्रांतीला जाऊ तवा. गयीच्या विहिरीला पाणी लई हाय."

त्यांनी नळी तुळशीच्या आळ्यात सोडली. त्यांची कापडी पिशवी अजून गाडीतल्या दिवाणावरच आहे. रिकामी करायला आणून द्या म्हटलं, तर म्हणाल्या, असू दे तिथंच.

तेव्हा दुसरं पाणी राहिलंय.